डॉक्टर म्हणाले, रेफर करतो

आमच्या घरात इंग्रजी शब्द भरपूर होते, पण ते इंग्रजी आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हतं. टेम, टेशन, लाईट, बाटल, डाक्टर, इंजिशन. कधीतरी कुणाच्या तरी तोंडून ते गावात आले, आमची पेज पिऊन आमच्यातलेच होऊन गेले. माझ्या मायला कुणी म्हटलं असतं की बाई, तू दिवसभर इंग्रजी बोलतेस, तर तिने पदर तोंडाला लावून हसत "चाल, कायले चिडवतेस" म्हटलं असतं. 'रेफर' मात्र तसा आला नाही. तो धान कापणीच्या दिवसांत एका सकाळी आला, आणि तेव्हा त्या घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटी होते.

आमचं गाव गोंदियाच्या पलीकडे, सालेकसाकडच्या जंगलाला लागून. घर मातीचं, पुढे छपरी, छपरीत जातं आणि कोंबड्यांचं खुराडं, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. दीक्षा आजोबांनी घेतलेली. माझ्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून मी एकटीच, आणि एकटी म्हणून नाव बेबी. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. बाबा आणि माय दोघंही टेंभरेकाकांच्या शेतात राबायचे. टेंभरेकाका पोवार, गावातले मोठे शेतकरी. त्यांचे वाडवडील माळव्यातून आले हे ते नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगायचे. घरात पोवारी बोलायचे, आमच्याशी आमच्यासारखं, आणि रागावले की हिंदीत. उन्हाळ्यात शेतात काम नसलं की माय तेंदूपत्ता तोडायला जायची, मोहफुलं वेचायला जायची. तिला बसलेली मी क्वचितच पाहिली. बुटकी, चपळ, डोक्यावर भारा असला की अधिकच ताठ चालणारी. भारा उतरवल्यावर मान दोन्ही बाजूंना वळवून कडकड आवाज काढायची आणि स्वतःच खूश व्हायची.

सकाळी आमच्याकडे पेज असायची, तांदळाची, पातळ, त्यात मिठाचा खडा आणि बाजूला भाजलेली लाल मिरची. रात्री भात आणि लाखोरीचं वरण. पावसाळ्यात माय जंगलातून बांबूचे कोवळे कोंब आणायची, आम्ही त्यांना वास्ते म्हणतो, आणि त्यांची आंबूस भाजी शिजायला लागली की शेजारची पोरं वाटी घेऊन उभी राहायची. मी अजूनही गोंदियाच्या बाजारात वास्ते दिसले की घेते. सून म्हणते, आई, वास येतो घरभर. येऊ दे म्हणते मी.

संध्याकाळी माय तांदळातले खडे निवडत बसायची आणि मला इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचायला लावायची. तिला एक अक्षर कळत नव्हतं. पण मी अडखळले की तिचा हात सुपात थांबायचा. "पुन्हा वाच," म्हणायची. दुसऱ्यांदा मी न थांबता वाचलं की "आता बरं वाचलंस," आणि हात पुन्हा चालू. आमच्या वर्गशिक्षकांपेक्षा तिची परीक्षा कडक होती.

तापाचं आमच्याकडे कुणाला अप्रूप नव्हतं. पावसाळा सरला की हिवताप घरोघर फिरायचा. माझ्याकडे यायचा, बाबांकडे यायचा, मायकडे तर दरवर्षी. तिला हिव भरलं की ती अंगणात उन्हात गोधडी घेऊन पडायची, दात वाजेपर्यंत कुडकुडायची, मग दरदरून घाम यायचा, मग ती उठायची आणि चूल पेटवायची. त्यामुळे त्या कापणीत ती बांधावर बसली आणि "हिव येऊन रायलं" म्हणाली तेव्हा कुणी विळा खाली ठेवला नाही. बाबांनी तिच्या वाट्याची रांग कापली. मी शाळेतून आले तर ती गोधडीत. मी पेज केली, ती प्यायली नाही. दुसऱ्या दिवशी बरी वाटली, शेतात गेली. मग पुन्हा पडली, आणि या वेळी घाम आला नाही.

एका सकाळी मी तिला उठवायला गेले तर तिने डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "आये, तू कवा आली?"

आये म्हणजे तिची आई. ती मी जन्मायच्या आधीच गेलेली. मी म्हटलं, "माय, मी बेबी." ती हसली. तसं परक्या लेकराकडे पाहून हसतात. मी ओरडत बाहेर गेले. बाबा गोठ्यापाशी दात घासत होते. त्यांनी आत येऊन तिला हाक मारली, "सगुणा! अवो सगुणा!" तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि धानाबद्दल काहीतरी बोलत राहिली.

टेंभरेकाकांनी लगेच बैलगाडी दिली. गाडीत तणस पसरून आम्ही तिला निजवलं. बाबा गाडी हाकत होते आणि मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या कडपा उन्हात वाळत पडलेल्या. माणसं वाकून काम करत होती, आमची गाडी पाहून उभी राहत होती, विचारत होती, "का झालं गा?" बाबा एकालाही उत्तर देत नव्हते. बैलांना ते कधी मारत नसत, त्या दिवशी मारत होते.

जवळच्या मोठ्या गावात सरकारी दवाखाना होता. डॉक्टर तरुण, बाहेरच्या मुलखातले, बोलणं पुस्तकातल्यासारखं. त्यांनी मायच्या पापण्या उघडून पाहिल्या, पोट दाबलं, बोटातून रक्त घेतलं, सुई दिली, सलाईन लावलं. मग विचारलं, "लघवी कधी झाली होती?" बाबांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "कालपासून नाही." डॉक्टरांनी पुन्हा एकदा मायची नाडी पाहिली. मग म्हणाले, "ताप डोक्यात गेलाय यांच्या. मी रेफर करतो."

बाबांनी दोन्ही हात जोडले. "करा साहेब," म्हणाले. "लवकर करा. काई बी करा."

डॉक्टरांनी टेबलावर बसून भराभर एक कागद लिहिला. तेवढ्यात आतून एका बाळंतिणीच्या ओरडण्याचा आवाज आला आणि नर्सने त्यांना हाक मारली. त्यांनी कागद तिथल्या शिपायाच्या हाती दिला, शिपायाने बाबांच्या हाती दिला, आणि डॉक्टर आत गेले. शिपाई म्हणाला, "सांभाळून ठेवजा, कामाचा हाय." सलाईन संपल्यावर त्यानेच सुई काढली. आम्ही मायला व्हरांड्यातल्या बाकावर निजवलं. आणि वाट पाहत बसलो.

कशाची वाट? रेफर होण्याची. इतक्या वर्षांनी हे लिहिताना माझा हात थबकतो, पण घडलं ते असं. बाबांना वाटलं, रेफर हा एक इलाज आहे. एक्सरे करतात, ऑपरेशन करतात, तसं रेफर करतात. डॉक्टर बाळंतिणीला मोकळी करून येतील आणि मग करतील. पुढे मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि त्या दिवशी आमचं नेमकं कुठे चुकलं ते मला वर्गात क्रियापदं शिकवताना कळलं. इंग्रजी क्रियापद मराठीत आलं की आपण त्याला 'करणे' जोडतो. ॲडमिट करणे, चेक करणे, पास करणे. 'मी चेक करतो' म्हटलं की करणारा तोच. 'मी रेफर करतो' हे वाक्य कानाला अगदी तसंच लागतं. पण त्यात डॉक्टरचं काम कागद लिहिला की संपतं, आणि पुढची सगळी धावाधाव ऐकणाऱ्याच्या अंगावर येते. हे त्या वाक्यात कुठेही सांगितलेलं नाही.

ऊन व्हरांड्यातून सरकत बाकापाशी आलं. मी मायच्या तोंडावर ओढणी धरली. बाबांनी विचारलं, "बेबी, तू त शिकली हायेस. रेफर म्हंजे का?"

कागदावरचं अक्षर मला लागत नव्हतं. पण शब्द मी पाहिलेला होता. आमच्या इंग्रजीच्या पुस्तकामागच्या शब्दार्थांत होता. मी डोळे मिटून ती ओळ आठवली आणि सांगितलं, "रेफर म्हंजे संदर्भ देणे."

"देणे?"

"हो. संदर्भ देणे."

"मंग देऊ दे ना," बाबा म्हणाले. "देयाचं त लवकर देऊ दे."

त्यांनी मायच्या ओठांना ओला रुमाल लावला. दूरवर गोंदियाकडे जाणारी पॅसेंजर शिट्टी देऊन निघून गेली. आम्ही दोघांनी ती ऐकली. तिचा आमच्याशी काही संबंध आहे असं दोघांच्याही मनात आलं नाही.

नर्स बाहेर आली तेव्हा तिच्या हातावर अजून साबणाचा फेस होता. आम्हाला पाहून ती जागीच उभी राहिली. "अवो, तुमी इथंच हाव? तुमाले रेफर केलं ना!"

बाबा उठून उभे राहिले. चेहऱ्यावर मोठी सुटका. "केलं का बाई? मले वाटलं व्हायचंच हाय. पन हे त तशीच हाय. डोळे बी नाई उघडत."

नर्सला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. तिने फेसाचे हात कपाळाला लावले. "अगा बाप्पा, रेफर म्हंजे गोंदियाले न्या म्हनलं तुमाले! मोठ्या दवाखान्यात! इथं काई होत नाई तिचं!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. विहिरीत पडलेला माणूस वर पाहतो तशी ती नजर होती. मग ते डॉक्टरांच्या खोलीकडे धावले, तिथून फाटकाकडे धावले, तिथून पुन्हा मायकडे आले. बैलगाडी गावच्या एका माणसाबरोबर टेंभरेकाकांकडे परत पाठवलेली. पॅसेंजर गेलेली. त्यांना कुठे धावायचं तेच कळत नव्हतं आणि थांबताही येत नव्हतं. शेवटी डॉक्टर स्वतः बाहेर आले. काय झालं ते नर्सने त्यांच्या कानात सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला. ते तसेच चपला न घालता रस्ता ओलांडून समोरच्या गोदामात गेले. तिथे धानाची पोती भरलेला एक ट्रक गोंदियाच्या राईस मिलला निघाला होता. मायला आम्ही पोत्यांवर निजवलं, दोन्ही बाजूंना बाबा आणि मी. ट्रक हलला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मी सांगायला हवं होतं." बाबांनी वरून त्यांना हात जोडले. ते हात त्यांनी कितीतरी लांबपर्यंत जोडूनच ठेवले होते.

गोंदियाच्या दवाखान्यात लगेच आत घेतलं. तिथली रात्र मी इथे लिहीत नाही. सकाळी एक डॉक्टरीणबाई आल्या, वयस्क, केस पांढरे, हिंदीत बोलणाऱ्या. त्यांनी आपलं सांगणं बाबांना समजतंय की नाही हे पाहत पाहत सांगितलं, "बुखार का इलाज चालू है, भैया. पर किडनी बंद हो गई है. खून साफ करने की मशीन नागपुर में है, यहाँ नहीं. इनको नागपुर रेफर करना पड़ेगा."

तो शब्द ऐकताच बाबा खाली बसले. भिंतीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन. "पुन्हा?" एवढंच म्हणाले.

बाईंनी मला बाजूला घेतलं. "बेटी, तू पढ़ती है?" मी मान हलवली. "तो सुन. यहाँ रखूँगी तो मैं सिर्फ देखती बैठूँगी. वहाँ कुछ हो सकता है. होगा ही, ऐसा नहीं बोल रही. हो सकता है." दवाखान्याची गाडी दुसरी एक पेशंट घेऊन आधीच नागपूरला गेली होती. ती परतायची वाट पाहू नका, दुपारची गाडी पकडा, असं त्या म्हणाल्या. वॉर्डातल्या माणसाला सांगून स्टेशनपर्यंत रिक्षा मागवून दिली.

स्टेशनावर एका म्हाताऱ्या हमालाने आपला हातगाडा दिला. आम्ही मायला त्यावर ठेवलं, अंगावर गोधडी, डोक्याखाली माझं दप्तर. ते दप्तर मी घरून का आणलं होतं मला माहीत नाही. हमालाने विचारलं, "कौन सी गाड़ी, भाई?"

"सालेकसा," बाबा म्हणाले.

"नागपूर," मी म्हणाले.

दोघांचे शब्द एकदमच बाहेर पडले. हमालाने गाडा सोडला आणि दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला.

"बेबी, घरी जाऊन रायलो आपन," बाबा म्हणाले.

"नाई बाबा. डॉक्टरीनबाई म्हनली..."

"मले आता कोनाचं म्हनलं ऐकाचं नाई. हे म्हनते रेफर, ते म्हनते रेफर. तिथं गेलं त ते बी म्हनतीन रेफर. मानूस हाय का ते पोतं हाय, इकडून उचलून तिकडं टाकाले? रेफर म्हंजे हाकलनं, दुसरं काई नाई. तिथं नागपुरात मेली त? ना गोत ना ओळख. घरी रायली त चार मानसं येतीन, वंदना म्हनतीन, तिच्या आयेजवळ जाईन तिची माती."

"आनि जगली त?"

 गाड्याचा दांडा धरून बाबांनी तो दुसऱ्या फलाटाकडे वळवायला सुरुवात केली.  मी चाकापुढे जाऊन फलाटावर बसले. दोन्ही हातांनी चाक धरलं. माणसं आमच्या बाजूने वाट काढत जात होती, कुणी थांबून पाहत होती. बाबांनी मला आयुष्यात कधी हात लावला नव्हता. त्यांनी वर उचललेला हात मला दिसला, आणि तो तसाच त्यांनी स्वतःच्या तोंडावर ठेवला. त्या गर्दीत माझा बाप मोठ्यानं रडत होता आणि मी चाक सोडत नव्हते.

तेवढ्यात माय बोलली. डोळे उघडे होते, पण ती आमच्याकडे पाहत नव्हती. तिला दिसत होती ती तिची आई. "आये," ती म्हणाली, "चाल ना वो. मी कवाची बसून रायली."

बाबांचं रडं थांबलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो बाक, तो व्हरांडा, ते सरकणारं ऊन आम्हा दोघांच्याही डोळ्यांपुढे आलं असणार, कारण त्यांनी दुसरं काहीच विचारलं नाही. "ऊठ पोरी," म्हणाले. आणि गाडा नागपूरच्या गाडीच्या फलाटाकडे वळवला.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तिला भरती करून घेतलं तेव्हा बाबांनी तिथल्या डॉक्टरला पहिला प्रश्न हाच केला, "साहेब, तुमी त रेफर नाई करनार ना?" डॉक्टर दमलेला होता, पण हसला. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नाही हो बाबा. इथून पुढं रेफर करायला जागाच नाही." बाबांनी डोळे मिटून हात जोडले. त्यांना ती खात्री वाटली. मी त्यांच्या मागे उभी होते, आणि त्या वाक्याचा दुसरा अर्थ मला कळला. मी तो त्यांना सांगितला नाही.

मशीन लावलं. एकदा लावलं, पुन्हा लावलं. मधे एक सकाळ अशी आली की तिने मला ओळखलं. "बेबी," म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "जेवली का तू?" मी म्हटलं, जेवले. जेवले नव्हते. बाबा धावत जाऊन पाव घेऊन आले आणि तिच्यासमोर आम्ही दोघांनी तो चहात बुडवून खाल्ला. ती बघत राहिली. तेवढी एक सकाळ. त्यानंतर ती पुन्हा आत कुठेतरी गेली, आणि एका दुपारी, बाहेर फेरीवाला संत्री ओरडत असताना, तिचा श्वास थांबला.

तिला गावी नेणं आमच्या आवाक्यात नव्हतं. वॉर्डात झाडू मारणारी एक बाई आमच्यातलीच निघाली. तिने तिच्या वस्तीतली माणसं बोलावली. आम्ही त्यांना ओळखत नव्हतो, त्यांनी मायला कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांनी तिला खांदा दिला, वंदना म्हटली, आणि एका म्हातारीने मला जवळ घेऊन माझे केस विंचरले. परतीच्या गाडीत बाबा आणि मी बाकाच्या दोन टोकांना बसलो. मधे जागा होती. गोंदियाला गर्दी चढली, एका माणसाने विचारलं, "यहाँ कोई है?" आणि बाबांनी मान हलवून हो म्हटलं. माणूस उभाच राहिला.

पुढे गोंदियात कॉलेजला असताना लायब्ररीतल्या जाडजूड शब्दकोशात मी हा शब्द काढला. एकटीने, कुणाला न सांगता. तो लॅटिनमधून आलेला आहे. 're' म्हणजे परत, 'ferre' म्हणजे वाहून नेणे. परत वाहून नेणे, असा त्याचा मुळातला अर्थ. आम्ही तिला नेलं, परत आणता आलं नाही. त्यातला 'ferre' आणि आपल्या संस्कृतातला 'भृ' धातू हे दूरचे भाऊबंद, असंही तिथे होतं. म्हणजे आपले भार, भारा, भरणे, आणि दवाखान्यातली भरती हे सगळे त्याच कुळातले. मला त्या दिवशी ते वाचून बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. मी शब्दकोश मिटला आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून बसले. आज आमच्याकडे हा शब्द पोरासोरांच्या तोंडी आहे. 'त्याले रेफर मारला', 'रेफरची केस हाय', 'रेफर होऊन गेली'. फोन केला की गाडी दारात येते. तरी बसस्टँडवर कुणाच्या तोंडून तो शब्द आला की मी वळून पाहते, ते माणूस उभं आहे की बसलेलं.

नागपूरला नेल्याबद्दल बाबा मला कधी बोलले नाहीत. एकदाच, अंगणात बाज विणताना, मान वर न करता त्यांनी विचारलं, "बेबी, तवाच उठलो असतो त?" मी म्हटलं, "कोणालाच सांगता येणार नाही, बाबा." ते खरंच होतं. मी डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं होतं, त्यांनीही तेच सांगितलं होतं. बाबांनी मान हलवली आणि दोरी ओढली.

एकदा कॉलेजच्या सुट्टीत मी घरी आले होते. बाबांच्या पायात काटा जाऊन पाय सुजला होता, म्हणून त्यांना घेऊन मी जवळच्या गावातल्या त्याच पहिल्या दवाखान्यात गेले. डॉक्टर आता दुसरे होते. आम्ही पट्टी बांधून बाहेर आलो तर व्हरांड्यात एक बाज ठेवलेली, तिच्यावर एक म्हातारा, श्वास घरघर लागलेला. बाजेभोवती तीन माणसं जमिनीवर बसलेली, आदिवासी असावीत, लांबून चालत आलेली, पाय धुळीने पांढरे. धाकट्याच्या हातात एक कागद होता. तो त्याने छातीशी धरला होता, चुरगळू नये म्हणून.

बाबा थांबले. "का म्हनलं डाक्टरनं?"

"रेफर करतो म्हनले," तो पोरगा म्हणाला. "बसलो हाव. करतीन आता."

बाबांचा चेहरा मी बाजूने पाहत होते. त्यावर काय उमटलं ते मला शब्दात मांडता येणार नाही, आणि इतकी वर्षं शब्दच शिकवूनही येत नाही. हातातली काठी त्यांनी माझ्याकडे फेकली.

"उठा!" ते ओरडले, इतक्या मोठ्यानं की आतून नर्स धावत आली. "बसले काऊन? रेफर झालं तुमचं! रेफर म्हंजे बसाचं नाई, निघाचं! आत्ता निघाचं! गोंदियाले! उठा ना बाप्पा, उठा!"

माणसं गडबडून उभी राहिली. बाज उचलायला चौघं लागतात, ती तिघंच होती. येताना कुणीतरी चौथा असेल, तो परत गेला असेल. बाबा सुजलेल्या पायाने बाजेच्या डोक्याकडच्या कोपऱ्याला गेले आणि वाकले.

धाकटा त्यांच्याकडे पाहत राहिला. "तुमी कोन?" त्याने विचारलं.

"कोनी नाई," बाबा म्हणाले. "तिकडून धर."